कबड्डीपटूंचा प्रतिक्रियाकाळ: पट्टी खरी मानायची की मोबाईल?

प्रश्न देवगडकडच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मॅडमचा आहे. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांच्या नववीच्या मुलांनी कबड्डी खेळणाऱ्यांचा प्रतिक्रियाकाळ हा विषय घेतलाय. एकाने वरून पट्टी सोडायची, दुसऱ्याने ती चिमटीत पकडायची, आणि ती किती सेंटिमीटर खाली गेली त्यावरून वेळ काढायची. आठ खेळाडू, आठ न खेळणारे, प्रत्येकाला पाच संधी. खेळाडूंची सरासरी १७ सेंमी आली, बाकीच्यांची १९. ज्यांच्या हातून पट्टी सुटली त्या नोंदी वगळल्या. मग कुणीतरी मोबाईलवर अ‍ॅप लावलं, तर त्याच मुलांचे आकडे ०.३३, ०.३५ सेकंद असे आले, म्हणजे पट्टीच्या जवळपास पावणेदोन पट. आता तक्त्यावर कुठला आकडा लिहायचा, आणि खेळाडू जास्त चपळ ठरले असं म्हणायचं का?

मॅडम, आकडा पट्टीचाच लिहा. ‘खेळाडू चपळ ठरले’ हे मात्र अजून लिहू नका. गोंधळ पट्टीत नाही. तो पट्टी सोडणाऱ्याच्या हातात आहे, आणि तुम्ही वगळलेल्या त्या नोंदींमध्ये.

आधी पट्टीबद्दल. सोडलेली पट्टी कुणाचं ऐकून पडत नाही. नववीतलं गतीचं समीकरण लावलं की वेळ = √(२ × अंतर ÷ ९८०), अंतर सेंटिमीटरमध्ये आणि वेळ सेकंदात. ५ सेंमीला ०.१० सेकंद, १० ला ०.१४, १५ ला ०.१७५, २० ला ०.२०, ३० ला ०.२५ च्या किंचित आत. म्हणजे पहिले पाच सेंटिमीटर पडायला दशांश सेकंद लागतो, आणि २५ पासून ३० पर्यंतचे पाच सेंटिमीटर एकवीस-बावीस मिलिसेकंदांत संपतात. म्हणून सरासरी अंतरांची काढू नका. प्रत्येक झेलीचं अंतर आधी वेळेत बदला, मग पुढचं गणित करा. मुलांना हे एकदा कोष्टक करून दिलं की दर वेळी वर्गमूळ काढत बसावं लागत नाही.

या साध्या पट्टीची ताकद बघा. १८ सेंमीच्या आसपास वाचनात अख्ख्या सेंटिमीटरची चूक झाली तरी वेळेत फक्त ५ मिलिसेकंदांचा फरक पडतो. हातात स्टॉपवॉच घेऊन एवढ्या बारकाईनं कुणीच मोजू शकत नाही, कारण बटण दाबणाऱ्यालाही स्वतःचा प्रतिक्रियाकाळ असतोच. हे दुखणं जुनं आहे. इंग्लंडमधल्या ग्रिनिचच्या वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मॅस्केलाइन यांनी १७९६ मध्ये किनब्रुक नावाच्या सहाय्यकाला कामावरून काढलं, कारण दुर्बिणीतल्या उभ्या धाग्यापलीकडे तारा सरकल्याची त्याची वेळ मॅस्केलाइन यांच्या वेळेपेक्षा सुमारे ०.८ सेकंदानं मागे पडायची. बिचाऱ्याची नोकरी गेली. पुढे जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी निरीक्षकांची आपसात तुलना केली, तेव्हा लक्षात आलं की असा फरक प्रत्येक दोन माणसांत असतो, त्यात आळस वगैरे काही नाही. परीक्षकांनी ‘स्टॉपवॉच का नाही वापरलं?’ असं विचारलं, तर मुलांना ही गोष्ट सांगू दे.

मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये रंग बदलला की बोट टेकवायचं असतं. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा नवं चित्र काढतो, त्यामुळे रंग बदलायचा हुकूम सुटल्यावर तो दिसेपर्यंतच १७ मिलिसेकंदांपर्यंत जाऊ शकतात. मग बोट टेकलं हे काचेखालच्या यंत्रणेला कळायला वेळ, ते अ‍ॅपपर्यंत पोचायला वेळ. एकूण शंभराच्या आतले बरेच मिलिसेकंद आणि काही फोनवर शंभराच्या घरात, आणि फोन बदलला की हा आकडाही बदलतो. मूल आणि फोन दोघांचा मिळून वेळ त्या अ‍ॅपमध्ये मोजला जातो. शिवाय बोट हवेतून काचेपर्यंत नेणं आणि आधीच अर्धी मिटलेली चिमूट बंद करणं या दोन वेगळ्या हालचाली आहेत. एकाच फोनवर, एकाच अ‍ॅपमध्ये, आज आणि उद्या अशी तुलना केलीत तर चालेल. पट्टीचा आकडा आणि फोनचा आकडा मात्र शेजारी शेजारी ठेवू नका.

पट्टीचा आकडाही निव्वळ मेंदूचा नसतो, हे मुलांना माहीत हवं. पट्टी सुटल्यावर पहिला एक मिलिमीटर पडायलाच १४ मिलिसेकंद लागतात, आणि हलली हे डोळ्याला दिसल्याशिवाय पुढचं काही सुरू होत नाही. शेवटी बोटं मिटायलाही वेळ जातो. ही भर सगळ्यांना सारखीच पडावी म्हणून चिमटीतलं अंतर ठरवून टाका. दोन बोटांच्या मध्ये खोडरबर आडवा धरायचा, बोटं त्याला टेकवायची, आणि रबर काढून घ्यायचा. मनगट टेबलाच्या कडेवर टेकलेलं, हात कडेबाहेर. पट्टीचं शून्य अंगठ्याच्या वरच्या कडेशी, वाचनही त्याच कडेशी. बोट पट्टीला आधीपासून टेकलेलं नको, नाहीतर तुम्ही नजरेऐवजी स्पर्शाचा प्रयोग करत असता, आणि स्पर्शाला प्रतिसाद नजरेपेक्षा लवकर जातो.

आता सोडणाऱ्याकडे या, कारण निम्मे प्रयोग तिथेच फसतात. मालवणकडच्या एका शाळेत आमचे एक सहकारी पट्टी सोडत होते आणि सातवीतली एक मुलगी एकापाठोपाठ आठ-नऊ सेंटिमीटरवर पकडत होती. वर्ग टाळ्या वाजवत होता. आठ सेंटिमीटर म्हणजे ०.१३ सेकंद. नजरेनं बघून पकडायला हे फारच कमी. तिला विचारलं, “तू बघतेस तरी काय?” ती सहज म्हणाली, “सर, पट्टी सोडूच्या आदी तुमचा नख लाल होता.” पट्टी घट्ट धरलेली असताना अंगठ्याचं नख दाबानं पांढुरकं पडतं. पकड सैल व्हायला लागली की पट्टी सुटायच्या आधीच नखात रक्त परततं. ती पट्टीकडे बघतच नव्हती. कुणी श्वास घेऊन सोडतं, कुणाच्या भुवया हलतात, कुणी मनात एक-दोन-तीन म्हणून बरोबर तीनला सोडतं. कबड्डीतली मुलं तर समोरच्याचं अंग वाचण्यात तरबेज. तुमच्या खेळाडूंना १७ सेंमी यातूनच मिळाले असतील, तर तुम्ही भलतंच काहीतरी मोजलंत.

उपाय स्वस्तातला आहे. वहीचा जाड पुठ्ठा मध्ये उभा धरा, म्हणजे पकडणाऱ्याला सोडणाऱ्याचा हात आणि चेहरा दिसणार नाही. पट्टीची खालची बाजू फक्त दिसली पाहिजे. ‘तयार’ म्हटल्यापासून सोडेपर्यंतचा वेळ दर वेळी वेगळा हवा. दोनपासून सहापर्यंतचे आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या डब्यात टाका, सोडणाऱ्यानं एक चिठ्ठी काढायची आणि तेवढे सेकंद मनात मोजून सोडायची. अधूनमधून एखादी कोरी चिठ्ठी ठेवा. ती निघाली की पट्टी सोडायचीच नाही. अंदाजानं झडप घालणारे त्यात बरोबर सापडतात. सोडणारा सगळ्यांना एकच असू दे. त्याला कोण खेळाडू हे माहीत नसावं असं शास्त्र सांगतं, पण आपल्या गावात कोण कुठल्या संघात आहे हे कुत्र्यामांजरांनाही माहीत असतं! निदान वेगळ्या इयत्तेतला मुलगा घ्या, आणि आधी सगळे खेळाडू मग बाकीचे असं न करता एकाआड एक बसवा. आणखी एक, आपल्याकडच्या दमट हवेत बोटं घामेजतात आणि प्लास्टिकची पट्टी सुटताना बोटाला चिकटून तिरकी होते. रुमाल जवळ ठेवा, तिरकी पडलेली झेल सरळ पुन्हा घ्या. पुन्हा घ्यायची की नाही हे मात्र वाचन बघायच्या आधी ठरवा.

वगळलेल्या नोंदी. हा मला तुमच्या प्रयोगातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो. ३० सेंटिमीटरची पट्टी हातून सुटली याचा अर्थ मुलाला पाव सेकंदाच्या आसपास किंवा त्याहून जास्त वेळ लागला. ही माहिती आहे. ती टाकून दिलीत तर सगळ्यात संथ झेली गायब होतात आणि सगळ्यांचीच सरासरी खोटी चांगली दिसते. गंमत अशी की पट्टी जास्त करून न खेळणाऱ्यांच्या हातून सुटली असेल, तर त्यांचीच सरासरी जास्त सुधारली, म्हणजे तुम्ही शोधत असलेला फरक तुम्हीच कमी केलात. लांब पट्टी घेणं हा सरळ मार्ग. प्रयोगशाळेतली मीटरपट्टी घ्या, नाहीतर शिंप्याकडची टेप लाकडाच्या पातळ रिपेवर चिकटवा. रीप जड असली तरी हरकत नाही, पडण्याच्या वेळेत वजनाचा हिशोब येत नाही, फक्त पायावर पडणार नाही हे बघा. आधीच्या नोंदी वाचवायच्या असतील तर सरासरीऐवजी मध्यक वापरा. पाच झेली चढत्या क्रमानं लावायच्या, सुटलेली झेल ‘३० पेक्षा जास्त’ म्हणून शेवटी ठेवायची, आणि मधली तिसरी घ्यायची. पाचातल्या दोन सुटल्या तरी मधला आकडा जागचा हलत नाही.

दुसऱ्या टोकालाही कात्री हवी. पाच सेंटिमीटरच्या आत पकडलेली पट्टी म्हणजे दशांश सेकंदाहून कमी वेळ, आणि तो अंदाज समजून बाजूला काढायचा. हा नियम आधी लिहून ठेवा आणि तो सगळ्यांना सारखाच लावा. धावण्याच्या जागतिक स्पर्धांतही पिस्तुलाच्या आवाजानंतर ०.१०० सेकंदाच्या आत पाय हलला तर चुकीची सुरुवात धरतात. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या युजीनला झालेल्या जागतिक स्पर्धेत ११० मीटर अडथळा शर्यतीच्या अंतिम फेरीतून डेव्हन अ‍ॅलन ०.०९९ सेकंदाच्या नोंदीमुळे बाद झाला. एका मिलिसेकंदासाठी! त्यावरून बरीच ओरड झाली, आणि ती रास्तच होती. ०.१०० ही सोयीसाठी आखलेली रेघ आहे, शरीरात काही तिथे भिंत नसते. मुलांशी यावर बोला, त्यांना मजा येईल.

आता १७ विरुद्ध १९. वेळेत हा फरक ०.१८६ आणि ०.१९७, म्हणजे ११ मिलिसेकंद. एकाच गटातल्या दोन मुलांत २०-३० मिलिसेकंदांचा फरक अगदी सहज सापडतो. समजा तो विखुरलेपणा २५ धरला, तर आठ जणांच्या सरासरीत नुसत्या योगायोगानं नऊएक मिलिसेकंदांची हालचाल होते, आणि दोन गटांच्या फरकात बारा-तेराची. तुमचे ११ त्याच्या आतच बसतात. उद्या दुसरी आठ मुलं घेतलीत तर उलटही येऊ शकतं. खेळाडू चपळ नाहीत असा याचा अर्थ नाही. एवढ्या मुलांवरून ते कळत नाही, एवढंच. प्रत्येकाला वीस झेली द्या, पहिल्या पाच सरावाच्या म्हणून सोडा, आणि गट जमेल तेवढा मोठा करा. वीसहून जास्त झेली एका बैठकीत नकोत, मुलं कंटाळतात आणि वेळ पुन्हा वाढतो. खेळाडू आणि बाकीचे एकाच वयाचे हवेत, कारण पाचवीपासून दहावीपर्यंत हा वेळ वयाबरोबर आपोआप कमी होत जातो. कबड्डीच्या संघात दहावीची मुलं आणि दुसऱ्या गटात आठवीची, असं झालं असेल तर वयाचं श्रेय खेळाला जातं.

खरं सांगायचं तर कबड्डीचं कसब पट्टीच्या या प्रयोगात दिसेल असं मला फारसं वाटत नाही. इथे एकच इशारा आणि एकच उत्तर. मैदानात चढाईपटू आत आल्यावर बचाव करणाऱ्याला पाय धरायचा, साखळी करायची की मागे सरायचं यातून निवड करावी लागते. निवडीला वेगळा वेळ लागतो, हे डच शरीरशास्त्रज्ञ डोंडर्स यांनी १८६८ मध्ये मांडलं. साधा प्रतिसाद मोजायचा, निवडीचा प्रतिसाद मोजायचा, वजाबाकी करायची, की मनात चाललेल्या कामाचा वेळ मिळतो. तुमच्या मुलांना हे करता येईल. दोन पट्ट्या, एकीला लाल टेप, एकीला निळी, पकडणाऱ्याचे दोन्ही हात तयार, आणि सोडणारा कोणती तरी एकच सोडणार. जी पडेल तीच पकडायची, दुसरा हात मिटला तर झेल बाद. यासाठी ३० सेंटिमीटर नक्कीच पुरणार नाहीत. खेळाडू आणि बाकीच्यांत फरक असला तर तो इथे दिसायची शक्यता जास्त, आणि प्रदर्शनात हा प्रकार कुणी मांडलेला मी तरी पाहिलेला नाही. पर्याय वाढले की वेळ कसा वाढतो हे पत्त्यांच्या जोडानंही दाखवता येतं. आधी नुसते पत्ते एकेक करून टाकायचे, मग काळा-लाल असे दोन ढीग, मग इस्पिक, बदाम, किलवर, चौकट असे चार ढीग, प्रत्येकाची वेळ घ्यायची. शाळेत पत्ते आणायला मुख्याध्यापकांची परवानगी आधी काढा म्हणजे झालं.

आवाजाला प्रतिसाद नजरेपेक्षा लवकर येतो, साधारण ०.१४ ते ०.१७ सेकंद, कारण डोळ्याच्या पडद्यावर उजेडाचं संदेशात रूपांतर व्हायलाच कानापेक्षा जास्त वेळ जातो. हे दाखवायचा मोह होईल. पण डोळ्यांवर रुमाल बांधून ‘सोडली’ म्हणत पट्टी सोडू नका, बोलणं आणि सोडणं कधीच एका क्षणी होत नाही. त्याऐवजी मोबाईलचा रेकॉर्डर लावा. एकानं चमच्यानं टेबलावर टक् करायचं, ते ऐकून दुसऱ्यानं पेनानं टक् करायचं. रेकॉर्डिंग संगणकावर ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडलं की दोन टोकदार शिखरं दिसतात, त्यांच्यातलं अंतर मिलिसेकंदात वाचता येतं. दोन्ही आवाज एकाच माईकमधून गेल्यामुळे फोनची दिरंगाई दोघांनाही सारखीच लागते आणि वजाबाकीत उडते. फोन इथे उपयोगी आहे, अ‍ॅपमध्ये नव्हता, याचं कारण हेच. फक्त जुलैत पत्र्याखालच्या वर्गात हे करू नका, पावसाच्या माऱ्यात टक् ऐकूच येणार नाही. पट्टीचा प्रयोगही पावसाळ्यात लाइट गेल्यावर उरकू नका. उजेड मंद झाला की नजरेचा प्रतिसाद लांबतो, आणि अर्धी मुलं उजेडात, अर्धी अंधारात असं झालं तर तो फरक तुम्ही कबड्डीच्या नावावर लिहाल.

उरलेली सगळी मुलं कामाला लावायची असतील तर मैदानावर साखळीचा प्रयोग करा. चाळीस जणांनी डोळे मिटून ओळीत बसायचं, प्रत्येकाचा उजवा हात पुढच्याच्या खांद्यावर. पहिल्यानं स्टॉपवॉच सुरू करत दाबायचं, ज्याला दाब कळला त्यानं पुढच्याला दाबायचं, शेवटच्यानं हात वर करायचा, आणि तो दिसताच पहिल्यानं (फक्त त्याचे डोळे उघडे) स्टॉपवॉच थांबवायचं. स्टॉपवॉचची ०.२ सेकंदाची चूक चाळीस जणांत वाटली गेली की माणशी ५ मिलिसेकंद उरते. वेळ स्थिर होईपर्यंत फेऱ्या घ्या, मग तोच उजवा हात खांद्याऐवजी पुढच्याच्या घोट्यावर. घोट्यापासूनचा संदेश मेंदूपर्यंत सुमारे एक मीटर जास्त चालतो, म्हणून माणशी वीसएक मिलिसेकंद वाढावेत आणि साखळीला पाऊण सेकंदाच्या आसपास. खांदा, घोटा, घोटा, खांदा अशा क्रमानं फेऱ्या घ्या म्हणजे सराव आणि कंटाळा दोन्हीकडे सारखे वाटले जातात. जास्तीचं अंतर भागिले जास्तीचा वेळ, की मज्जातंतूतला संदेशाचा वेग निघाला. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूवर तो मोजला तेव्हा सेकंदाला सुमारे २७ मीटर आला होता, आणि हा वेग मोजताच येणार नाही असं त्यांचेच गुरू म्युलर यांचं मत होतं. तुमच्या मुलांचा आकडा ४० ते ७० च्या मध्ये कुठेही आला तरी खूश व्हा.

एखादा परीक्षक ‘गुरुत्वत्वरण ९.८ घेतलंत, आपल्याकडे किती?’ असं विचारतोच. कोकणपट्टीत समुद्रसपाटीला ते ९.७८ च्या आसपास आहे. त्यानं तुमच्या ०.१९ सेकंदात मिलिसेकंदाच्या पाव भागाइतकाही फरक पडत नाही. हे मुलानं तिथल्या तिथे करून दाखवलं तर परीक्षक पुढे जातील.

तक्त्यावर सरासरीच्या चौकटीआधी सगळ्या झेली मांडा, सुटलेल्या झेलींसमोर ‘सुटली’ असंच लिहून, आणि पाच सेंटिमीटरच्या आतल्या बाद झेली लाल शाईत. पुठ्ठा, चिठ्ठ्यांचा डबा आणि मीटरपट्टी टेबलावर ठेवा. परीक्षकांना झेल घ्यायला लावा, पण आधी पट्टी सोडणाऱ्या मुलानंच चिठ्ठी काढायची, त्यांनी नाही.